भर दुपारची ओहोटी

काकूंच्या एप्रनच्या खिशात नेलपॉलिशच्या दोन बाटल्या असत, पण त्यांच्या स्वतःच्या नखांना कधी रंग लागला नव्हता. रंग गोगलगायींसाठी. उष्ण किनाऱ्यावरच्यांच्या पाठीवर लाल ठिपका, थंड किनाऱ्यावरच्यांच्या निळा. सव्वीस वर्षं काकू खडकांवरून गोगलगायी वेचून प्रयोगशाळेत आणत होत्या.

त्या दिवशी दोन्ही रंगांच्या एकाच टाकीत सोडल्या आणि पाणी अंशाअंशानं तापवलं. उन्हाला सरावलेल्या लाल शेवटपर्यंत काचेला चिकटून राहणार, असा प्रयोग आखणाऱ्या सरांचा होरा. झालं भलतंच. लाल पटापट गळून पडल्या. निळ्या ठाण मांडून बसल्या.

सरांनी वही ओढली. "काकू, रंग उलटे दिलेत तुम्ही."

"मी?"

"मग काय गोगलगायींनी आपसांत बदलले? तसा शेरा लिहितो."

निवृत्तीला दोन महिने उरलेले. जाताना हे पदरी पडणार?

"सर, सुनेला तिची जुळी ओळखता येईनात, तेव्हा एकाच्या अंगठ्याला मीच रंग लावला होता. नातवांची अजून अदलाबदल झालेली नाही."

सर हसले, पण पेन थांबलं नाही.

काकूंनी आधी बेशुद्ध लाल उचलून गार पाण्यात सोडल्या. उभं राहताना तळव्याचा फोड ठसठसला, आणि त्या एकदम वळल्या.

"लाल मी कधी वेचल्या, माहितेय? पहाटे, स्वेटर घालून. तिथं उन्हाळ्यातली मोठी ओहोटी पहाटेच लागते. दिवसभर या लाल बायका पाण्याखाली गारेगार. अन् निळ्या? त्यांची ओहोटी भर दुपारी. हवा थंड असेल हो, पण खडक म्हणजे तवा. चपलेतून फोड आला मला!"

सर भिंतीवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यापाशी गेले. एका किनाऱ्यावरून दुसऱ्यावर बोट फिरलं. परत फिरलं.

"आम्ही नुसतं हवेचं तापमान बघत बसलो," ते हळूच म्हणाले. "काकू, तुम्ही म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय."

"खोडा आधी ते."

सरांनी शेरा खोडला. खाली लिहिलं, 'ठिपके बरोबर. पुढच्या खेपेस निघण्याआधी काकूंना विचारावं.'

काकूंनी चष्मा सावरून दोनदा वाचलं.

"विचारावं नाही, सर. बरोबर न्यावं, असं लिहा. तुम्हीही चला दुपारच्या ओहोटीला. अनवाणी."