बिनखुणेचा गाऊन

माझे बाबा इस्त्रीवाले. हे चार माणसांत सरळ सांगायला मला इतकी वर्षं लागली, यातच काय ते आलं.

चौकाच्या कोपऱ्यावर त्यांची टपरी. वर 'लॉन्ड्री' एवढाच बोर्ड, आत लाकडी टेबल, त्यावर चार पदरी घोंगडी आणि कोळशाची इस्त्री. बोटांनी पाण्याचा शिपका मारायचा, आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी. हा क्रम कुणी मोडला तर बाबांचं डोकं फिरायचं. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक खूण असे. कुणाचा ठिपका, कुणाच्या दोन रेघा, कुणाची फुली. कॉलरच्या आत, न पुसणाऱ्या शाईने. त्या शाईचं पेन त्यांच्या खिशाला कायम अडकवलेलं. आमच्या घरच्या कपड्यांना मात्र खूण नसे. "आपलं कुठं हरवतंय?" म्हणायचे.

मी शिकायला परदेशी गेलो आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या सरांनी विचारलं, वडील काय करतात? मी म्हणालो, "कपड्यांचा व्यवसाय आहे." खोटं कुठं होतं? सरांनी मनातल्या मनात चांगली दुमजली पेढी उभी केली आणि मी ती दोन वर्षं उभी राहू दिली. खोलीतल्या मुलांनाही हेच सांगितलं होतं. आमच्या भाषेतला एकच होता, लंबू. तो तर मला "शेठ" म्हणायचा आणि मीही ओ द्यायचो. निर्लज्जपणाला काही मर्यादा!

पदवीदानाला घरच्यांना बोलावता येतं. आईचे गुडघे साथ देईनात, म्हणून बाबा एकटेच आले. टपरीला सलग दहा दिवस कुलूप, हे तीस वर्षांत पहिल्यांदाच. विमानतळावरच म्हणाले, "हे बघ, मला तुझं शहर-बिहर काही दाखवू नकोस. तुला त्या झग्यात एकदा डोळ्यांनी बघितलं की झालं. आईला सगळं बैजवार सांगायचंय."

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी गाऊन आले, पिशव्यांत कोंबलेले. बाबांनी माझा उलगडला आणि त्यांचा चेहराच उतरला. "हे घालून जाणार? लोक काय म्हणतील?"

मी नको नको म्हणत असताना त्यांनी लंबूकडून इस्त्री मागून घेतली. हातात तोलून बघितली. "हलकी आहे रे, खेळण्यातली." जेवणाच्या टेबलावर ब्लँकेट पसरलं, कापड चमकू नये म्हणून वर ओला रुमाल धरला आणि हात चालू झाला. लंबू बघतच राहिला. मग त्याने स्वतःचा गाऊन आणला. मग शेजारच्या खोल्यांतले आले. दुपारपर्यंत माझा धरून सात झाले.

"काका, भारी हात आहे हो तुमचा!"

"तीस वर्षं इस्त्रीच करतोय बाळा. रोजच्या दीडशे घड्या."

लंबूने माझ्याकडे बघितलं. हसला नाही, हे त्याचे उपकार. पण त्या दिवसापासून त्याने मला शेठ म्हणणं सोडलं. मी खिडकीकडे तोंड करून उभा होतो, कानशिलं तापली होती. गाऊन भाड्याचे असतात, परत करायचे असतात, हे बाबांना सांगायचं काम माझं होतं. पण मी तोंड फुगवून तसाच उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या दाराशी रांग लागली. गाऊनच्या टेबलावरची बाई प्रत्येकाची कॉलर सारखी करून आत सोडत होती. बाबा शेजारीच उभे, टपरीत कधीच न घातलेला कोट घालून. त्यांचं प्रवेशाचं कार्ड हरवू नये म्हणून मी माझ्या खिशात ठेवलं होतं. दोन पावलांवर माझे सर उभे होते.

बाईने माझी कॉलर नीट केली. मग लंबूची केली आणि थांबली. पांढऱ्या अस्तरावर काळी फुली. त्याच्या मागच्याच्या दोन रेघा. त्याच्या मागच्याचा ठिपका. सहाही गाऊनना खुणा. तिने माझी कॉलर पुन्हा उलटून पाहिली. कोरी.

"हे कुणी केलं?" तिने विचारलं. सरांनीही मान वळवली.

लंबू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अरे, सांग ना काकांचं." आणि मी म्हणालो, "लॉन्ड्रीवाल्याने."

त्या सगळ्या बोलण्यातला तेवढा एकच शब्द बाबांना कळला. तीस वर्षं डोक्यावर तोच बोर्ड होता ना. त्यांना वाटलं, मी त्यांची ओळख करून देतोय. ते हसत पुढे आले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "येस. लॉन्ड्री."

बाईने मला विचारलं, "हे तुमच्या घरचे का? आत फक्त घरच्यांनाच सोडतो."

कार्ड खिशात होतं. नुसता हात घालायचा होता. मी सरांकडे पाहिलं, मग खाली बुटांकडे पाहिलं आणि हात खिशाबाहेरच ठेवला. बाबांना भाषा येत नव्हती, पण माझा चेहरा ते जन्मापासून वाचत आले होते. त्यांचं हसू विझलं. ते दोन पावलं मागे सरकले.

"तू जा," म्हणाले. "उशीर करू नको. मी आहे इथं."

आणि मी गेलो. रागाने नाही, घाईने नाही, चांगला विचार करून गेलो. व्यासपीठावरून मला कुटुंबांच्या रांगेतली एक रिकामी खुर्ची दिसली. टाळ्या वाजल्या. माझी मान खाली होती, लोकांना तो विनय वाटला असेल.

बाहेर आलो तेव्हा बाबा त्या बाईच्या टेबलाशी परत आलेल्या गाऊनच्या घड्या घालत होते. बाई मला म्हणाली, "खुणांचं आम्ही बघू, अस्तर बदलता येतं. मघाशी मला एवढंच विचारायचं होतं, इतकी सुंदर इस्त्री कुणी केली? यांनीच ना? यांच्याशी बोलता येईना."

मी मान हलवली. बाबांनी माझ्या अंगावरचा गाऊन उतरवून घेतला, सवयीने कॉलर उलटून पाहिली आणि घडी घातली.

बसस्टॉपवर आईचा फोन आला. बाबांनी तो माझ्या हातातून घेतला.

"हो गं, बघितलं ना! अगदी पुढच्या रांगेत होतो," ते म्हणाले. "कसा दिसत होता म्हणजे? एक सुरकुती नव्हती बघ त्याच्या अंगावर."