त्याने वळलेली माझी मूठ

रोह्याचा हॉल. स्टेजवर मी. समोर दोन मोबाईल धरलेले. शिबिराच्या सरांनी माझा उजवा हात उचलला, बोटं आपल्या पंजात घेतली आणि दाबली. कळ थेट खांद्यापर्यंत गेली. डोळ्यांतून पाणी आलं.

"बघा, मूठ वळली!" सर माईकवर म्हणाले. "हे आनंदाश्रू आहेत."

टाळ्या झाल्या. आणि मी हसले.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायची. बाकी रंगकाम कुणीही करो, डोळे शेवटी आणि माझ्या हातचे. कुठल्या मूर्तीचं काय राहिलं, ते मीच वहीत लिहायची. मग संधिवात झाला. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते, तो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा मुळापासून जात नाही. गोळ्यांनी आवरतो. सोडू नका." मी दुखण्याचीही वही घातली. सकाळी बोटं सुटायला किती वेळ, कुठला सांधा सुजला, ब्रश किती वेळ धरला. गोळ्या घेऊन मी पुन्हा डोळे आखत होते, हे त्या वहीत आहे.

मग सरांचं हे काही महिन्यांचं शिबिर. गोळ्या बंद, काढा सुरू, रोग मुळासकट बाहेर. मला कायमचं बरं व्हायचं होतं. मी गोळ्या सोडल्या.

दुसऱ्या महिन्यात बोटं वाकडी झाली. वही घेऊन सरांकडे गेले. त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

"कुठली तू?"

नदीकाठच्या आमच्या वाडीचं नाव सांगितलं. सर बाकीच्या बायकांकडे वळले. "सुकट खाण्यात पिढ्या गेल्या यांच्या. रक्तच नासकं. आणि आता बाई आमची परीक्षा घेणार!"

बायका हसल्या. वही त्यांनी चपलांच्या रॅकवर टाकली. "विष बाहेर पडतंय, म्हणून दुखतंय. समारोपाला स्टेजवर ये."

मी वही उचलून आणली. समारोपाला गेले. गोळ्या सोडल्याचं डॉक्टरीणबाईंना कुठल्या तोंडानं सांगणार होते? दुसरं दार मीच बंद केलं होतं.

व्हिडिओ गावोगाव फिरला. कासूहून नणंदेचा फोन आला. तिलाही असाच रोग, पण मूत्रपिंडावर उठलेला. "वयनी, तुझी मूठ वळली गो! मी पन आजपास्नं गोळ्या बंद केल्या."

पहिल्या गाडीनं कासूला गेले. तिच्यासमोर हात धरला. बोटं अर्ध्यावरच थांबली.

"ती मूठ मी नाय वळली. त्यानं वळली."

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. "मग हसत कशाला व्हतीस?"

तिच्या गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या, ती गिळेपर्यंत उभी राहिले. पण व्हिडिओ बघून आणखी कुणी कुणी सोडल्या, ते मला कधीच कळणार नाही. ते कुठल्या वहीत लिहू? डॉक्टरीणबाईंकडेही गेले. त्या रागावल्या नाहीत. वाकलेली बोटं आता सरळ होणार नाहीत, एवढंच म्हणाल्या.

पुढचं शिबिर पेणला, रामवाडीत आहे. मी पहिल्या रांगेत बसणार. माईक मागणार. वहीतल्या तारखा एकेक करून वाचणार. सर हात धरायला आले, तर सांगणार, "लांब राहा. माझी मूठ मी वळते."

सगळ्यांसमोर ती वळणार नाही. आणि मी हसणार नाही.