डोईवर पदर आणि मानेत सुई

माझ्या मानेतली गादी सरकली, असं मिरजेचे डॉक्टर म्हणाले. माझ्या सासूबाईंच्या मते गादीबिदी काही नव्हती, माझं कामावरचं मन सरकलं होतं.

कडेगावाजवळ आमचा ऊस. तोड झाली की मागे राहिलेलं हिरवं वाढं जनावरांसाठी डोक्यावरून आणायचं, हे काम घरच्या बायांचं. एकदा मोळी घेऊन बांध उतरताना मानेत अशी कळ आली की ती थेट करंगळीपर्यंत पोचली. मोळी एकीकडे, मी एकीकडे. त्यानंतर भाकरी थापताना हाताला मुंग्या यायच्या आणि अर्धी भाकरी परातीबाहेर. डॉक्टरांनी फोटो काढून बजावलं, डोक्यावर ओझं बंद.

“वझं बंद?” सासूबाई म्हणाल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. “मग देवानं डोस्कं दिलंय कशाला? शोभंला?”

वर त्यांनी वडूजकडे माझ्या भावाला सांगावा धाडला, की हिला घेऊन जा, बरी झाली की आणू. ‘बरी झाली की आणू’ म्हणजे काय, ते आमच्याकडच्या पोरींना न शिकवता कळतं. अशी धाडलेली एक बाई आमच्याच गल्लीत होती. ती बरी होऊन बसली, तोवर नवऱ्यानं दुसरी आणली होती. आमचे मालक पलटणीत, सीमेवर. माहेरी नुकताच दुष्काळ सरलेला, त्यांचेच खायचे वांधे. मी जाम घाबरले होते, खोटं कशाला बोलू!

तेवढ्यात सोप्यातून मामंजी बोलले, “भाऊ येईस्तवर मी इलाज करून बघतो की. कोरियाचा.”

माझे सासरे रिटायर हवालदार. कोरियातली लढाई थांबल्यावर कैद्यांवर पहारा द्यायला आपली माणसं गेली होती, त्यात तेही होते. तिथं त्यांची मान धरली तेव्हा कैद्यांतल्याच एका वैद्यानं केसासारख्या बारीक सुया टोचून ती सोडवली. मामंजींनी त्याच्या पाठी लागून विद्या घेतली आणि बांबूच्या नळीत घालून थोड्या सुयाही आणल्या. इतकी वर्षं त्या सुयांना गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. आता घरातच मिळालं म्हणून म्हातारा लय खुशीत!

पण घोडं अडलं ते निराळ्याच जागी. लग्न झाल्यापासून मामंजींनी माझं तोंड धड पाहिलं नव्हतं. ते सोप्यात आले की मी डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढून आत पळायची. आता सासऱ्यानं सुनेच्या मानेवरचा पदर बाजूला करायचा? गावानं आम्हा दोघांना जिवंत ठेवलं नसतं.

मग ठरलं ते असं. मामंजी दाराबाहेर भिंतीकडे तोंड करून बसणार, मी दाराच्या आत, आणि सुया टोचणार आत्याबाई! इतके दिवस त्या मला शब्दांनी टोचत होत्या, आता त्यांच्या हातात हत्यार आलं.

शिकवणी भोपळ्यावर झाली. मामंजींनी काजळीनं भोपळ्यावर केसांची कड काढली, खाली दोन खळगे दाखवले. “हितं. हळू. दळण न्हाई दळायचं.” आत्याबाईंनी पहिल्या झटक्यात सुई वाकवली. त्या भोपळ्याची भाजी मी नंतर हात जोडून चिरली.

माझी पाळी आली तेव्हा दाराबाहेरून हुकूम सुटला, “आदी हात! आंगठ्याच्या आन बोटाच्या मधी!”

“आवं, मान दुकतीया तिची!” आत्याबाई म्हणाल्या.

“कोरियात मानंचं औषध हातात आसतंय. टोच!”

शेकायला तिकडं कसलंसं वाळलेलं झुडूप जाळतात. मामंजींना वास ओळखीचा वाटला होता, म्हणून त्यांनी दवणा आणला. त्यावर आत्याबाई भडकल्या, “जोतिबाला वाहायचा दवना सुनंच्या मानंवर जाळता व्हय?” तरी जाळला. देवाला मनातल्या मनात सांगितलं असेल, की म्हातारा ऐकत न्हाई.

पण टोचताना त्यांना जरा जास्तच गोडी लागली. मी “आई गं” केलं की बाईंचा हात आणखी खुलायचा. मामंजींच्या कानांनी ते हेरलं. “थांब,” ते म्हणाले. “दुसऱ्याला टोचनाऱ्यानं आदी सोता टोचून घ्यावं. सूनबाई, घाल तुज्या आत्याबाईंना.”

आत्याबाईंचा तोरा गावभर माहीत. कुणी हाक मारली तर मान वळवायच्या नाहीत, अख्ख्या वळायच्या, पाटलिणीच्या थाटात. मी त्यांच्या मानेला बोट लावलं आणि चरकले. मान लाकडासारखी कडक. तोरा कसला, डोंबल! बाईंची मान कित्येक वर्षांपासून वळतच नव्हती. मोळ्या वाहून वाहून माझ्याआधी त्यांचीच धरली होती. पण सासूनं सांगायचं कुणाला, आणि सुनेनं विचारायचं कशाला?

मी हळूच सुया घातल्या, दवण्याचा शेक दिला. त्या बराच वेळ गप्प बसल्या. आमच्या घरात असं कधी घडलं नव्हतं. बाहेरून मामंजींनी घाबरून विचारलं, “हाय का गेली?”

त्यानंतर रोज दुपारी आधी माझी मान, मग त्यांची. माझ्या हाताच्या मुंग्या ओसरल्या. सुयांनी ओसरल्या, दवण्यानं, की मोळी डोक्यावरून उतरली म्हणून, ते कोरियाला माहीत. आत्याबाई मात्र डाव्या अंगाला नुसती मान वळवून शेजारणीच्या अंगणात डोकावायला लागल्या होत्या.

अशाच एका दुपारी माझा भाऊ दारात उभा राहिला. हातात पिशवी, चेहरा उतरलेला. पाहुणा पुरुष बघून आत्याबाईंचा हात पदराकडे गेला आणि तसाच थांबला. मानेत सुया, पदर घेणार कुठून? रिवाजाला एवढं जपणारी बाई उघड्या मानेनं, दवण्याच्या धुरात बसून राहिली.

“मावशी,” भाऊ खाली बघत म्हणाला, “सांगावा आला म्हनून आलोय. भैनीला न्यायला.”



“न्यायला?” आत्याबाई कडाडल्या. “आन माज्या मानंत ह्या सुया कोन घालनार? तुजी आई येनार हाय का वडूजवरनं? बस गप, जेव आन जा!”

बाई माझ्या आईचा उद्धार करत होत्या आणि मला इतका आनंद झाला होता, की तेवढा माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.