जपानची एक रेघ, आपल्या तीन

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या गुलबर्ग्याच्या कॉलेजात प्रदर्शन भरलं. अर्थशास्त्राच्या सरांनी मला एक तक्ता करायला सांगितला. भारत आणि जपान, दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न वर्षागणिक कसं बदललं ते दाखवायचं. मी सीमेवरच्या ठाणाकुशनूर गावची, मराठी शाळेतली. सर शिकवायचे इंग्रजीत आणि समजावायचे कन्नडात. दरडोई उत्पन्नाला ते ‘तला आदाय’ म्हणत. शब्द कळला म्हणजे विषय कळला, असं मला तेव्हा वाटायचं.

लायब्ररीत बसून आकडे उतरवले. जपानचे डॉलरमध्ये होते, आपले रुपयांत. म्हणून त्या त्या वर्षीच्या दरानं मी रुपयांचे डॉलर केले आणि रेघा ओढल्या. जपानची लाल रेघ वर वर गेली. आपली निळी तळाशी हळूहळू सरकत होती, ती रुपयाचं अवमूल्यन झालं त्या सालापाशी धपकन खाली आली. मला वाटलं, गणित चुकलं. पुन्हा केलं, तेच आलं. रुपयांत बघावं तर त्याच साली उत्पन्न चांगलं वाढलेलं!

तक्ता घेऊन सरांकडे गेले. “सर, वाढलं का घटलं?”

“नोडम्मा, हे बघ,” सर म्हणाले, “महागाई वाढली, म्हणून रुपयांत वाढलं. सरकारनं रुपयाचा दर उतरवला, म्हणून डॉलरमध्ये पडलं. खरं बघायचं तर एकाच सालच्या किमती धरून काढ.”

तसं काढलं. ती रेघ धड चढेना, धड पडेना. मी विचारलं, “मग जपानच्या शेजारी ठेवताना किमती कुणाच्या धरायच्या? त्यांच्या की आपल्या?”

सर म्हणाले, “त्याचीपण रीत असेल. पण ती तुला जमणार नाही, आणि मलापण नाही.”

शेवटी मी डॉलरची, रुपयांची आणि एका सालच्या किमतींची, अशा आपल्या तिन्ही रेघा तक्त्यावर ठेवल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी थोरला भाऊ तूर घेऊन बाजारात आला होता. तिथून तो कॉलेजात आला. तक्त्यापुढं उभा राहून म्हणाला, “बाई, ह्ये चार देश हायत व्हय?”

“न्हाई अण्णा, दोनच. लाल जपानची. ह्या तिन्ही आपल्याच.”

“एकाच देशाच्या तीन कामून?”

मी जमेल तसं सांगितलं. तो खाली पडलेल्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला, “मंजी त्या साली आपुन गरीब झालाव?”

“डॉलरमध्ये झालाव. रुपयांत न्हाई.”

“आन् घरात?”

मग तो म्हणाला, वाईटच साल होतं, पाऊस नव्हता, रेशनची लाल ज्वारी खाल्ली. मी म्हटलं, त्याच साली तर घरावर पत्रे आले. तो म्हणाला, पत्रे त्याच्या आधी. मी म्हटलं, न्हाई, त्याच साली. तिथंच आमची जुंपली. बाजूच्या मुली बघायला लागल्या.

परीक्षक आले. त्यांनी एवढंच विचारलं, “यातली बरोबर कोणती?”

“माहीत नाही, सर,” मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि ते पुढं गेले. बक्षीस कुणीतरी केलेल्या मातीच्या धरणाला मिळालं. आमचे सर नाराज झाले. “पुढच्या वेळी एकच रेघ काढ,” म्हणाले. कोणती, ते त्यांनी सांगितलं नाही.

भावाला बसस्टँडवर सोडायला गेले. वाटेत तो म्हणाला, “जपानचं मातर बरं हाय. एकच रेघ, सरळ वर.”

“त्यांच्यापन तीन असतील अण्णा. मी एकच काढली.”

“मंग तू त्या कामून काढल्या न्हाईस?”

तेवढ्यात बस आली आणि तो गेला.

पुढच्या आठवड्यात मी सरांना सांगितलं, एम.ए.ला अर्थशास्त्रच घेणार. त्यांना आश्चर्य वाटलं. का म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले, “जपानच्या उरलेल्या दोन रेघा काढायच्या आहेत.”