मागाच्या खड्ड्यातली रुई

रामाजी हेडाऊ चौदाव्या वर्षी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले ते पन्नाशी उलटल्यावरच उठले. हातमागावरच्या माणसाचं आयुष्य असं जमिनीत अर्धं पुरलेलंच जातं. काठावर बूड टेकायचं, पाय खाली सोडायचे, पावड्या दाबत राहायच्या आणि वर हातानं धोटा फेकायचा. तांडापेठेतल्या त्यांच्या गल्लीत एकेकाळी दर घरात खट्-धप्, खट्-धप् चाले. मग एकेक माग सरपणात गेला. रामाजींचाही गेला. खड्डा मात्र त्यांनी बुजवू दिला नाही. दोन खोल्यांच्या घरात मधल्या खोलीत भलामोठा खड्डा, त्यावर फळ्या आणि फळ्यांवर सतरंजी. पाहुणे ठेचकाळायचे आणि रामाजी म्हणायचे, "राहू द्या जी, कोणाचं काय खाऊन राहिला तो?"

खड्डा ठेवला होता तो रुईसाठी. रुई म्हणजे कासव.

तीसेक वर्षांपूर्वी सुताच्या गाठी घेऊन आंध्रातून येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरनं ते मुठीएवढं पिल्लू रामाजींच्या बायकोच्या, गोपिकाबाईंच्या पदरात टाकलं होतं. पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या. गोपिकाबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे तं आपलं रुईफूल काठ हाये!" लुगड्याच्या काठावर जे रुईफूल त्या जन्मभर पाहत आल्या, तेच पाठीवर. म्हणून नाव रुई. कासव घरात आलं की लक्ष्मी येते असं सगळे म्हणत. लक्ष्मी काही आली नाही, होती ती यंत्रमागांनी नेली. पण त्याचा राग रुईवर कोणी काढला नाही.

हाक मारून रुई कधी आली नाही. बोंबलून मेलात तरी ढिम्म. पण रामाजी मागावर बसले आणि पावडीची धप् जमिनीत उतरली, की कपाटाखालून टुकूटुकू निघायची आणि खड्ड्याच्या काठाशी येऊन बसायची. गोपिकाबाई चरख्यावर कांड्या भरत, रामाजी विणत आणि ही दोघांच्या मधे. माग गेल्यावरही रामाजींनी ही सवय मोडू दिली नाही. संध्याकाळी फळ्या काढून काठावर बसायचं आणि टाचेनं जमीन दोनदा ठोकायची. रुई यायची, त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर मान टेकवायची आणि डोळे मिटायची. चार वर्षांपूर्वी गोपिकाबाई गेल्या, तेव्हा ती चरख्याच्या जागी जाऊन बसली आणि नऊ दिवस पालकाच्या पानाला तोंड लावलं नाही. कासवाला काय कळतं, म्हणणाऱ्यांशी रामाजी वाद घालत नसत. त्या नऊ दिवसांत तेही जेवले नव्हते आणि सोबत कोण होतं ते त्यांना पक्कं माहीत होतं.

आता ते रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात लिफ्टमन होते. दिवसभर रडणारी माणसं वर न्यायची आणि खाली आणायची. घरी आलं की त्यातलं थोडंबहुत ते रुईला सांगत. मुलाला सांगायची सोय नव्हती, भूपेश मौद्याला वीज केंद्रात ठेकेदाराकडे, घरी येई तो थकून. सून रोशनी अंगणवाडी सेविका. गुणाची पोर, पण जात्याच भित्री.

तिच्या भित्रेपणाला या वेळी कारण होतं. फाल्गुनात शेजारच्या मोहल्ल्यातल्या एकाला वनखात्यानं असल्याच चांदणीच्या कासवासाठी धरलं. पेपरात कासवाचा फोटो आला आणि त्याच्या मागे मान खाली घातलेला तो. घरात असं कासव पाळणं गुन्हा आहे, हे तीस वर्षांत या घराला कोणी सांगितलंच नव्हतं.

"मामाजी, माही नोकरी जाईन," रोशनी सासऱ्यांना रडत म्हणाली. "मले का रुई नको हाये का? पण सरकारी काम हाये माहं. कोणी तक्रार केली तं?"

रामाजींनी पेपराची घडी घातली. "देऊन येतो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून, रुईला कापडी थैलीत घालून ते वनखात्याच्या प्राण्यांच्या केंद्रापर्यंत गेले. फाटकासमोरच्या टपरीवर चहा घेतला. मग आणखी एक घेतला. थैलीतून रुईनं मान काढली आणि त्यांच्या मनगटावर टेकवली. तिसरा चहा न घेता रामाजी उठले आणि आल्या बसनं घरी आले. घरात कोणी नव्हतं. खड्ड्याच्या भिंतीत, खाली, त्यांनी फार पूर्वी एक कोनाडा खणला होता. उन्हाळ्यात रुई तिथं जाऊन झोपे. त्यात तिला ठेवलं, पुढे ओलं गोणपाट लावलं, वर फळ्या आणि सतरंजी. संध्याकाळी सुनेला म्हणाले, "देल्ली. चांगले लोक हाये. डॉक्टरनं वजन गिजन केलं."

खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात. रामाजींनी तर वजनही सांगितलं.

त्यानंतर दीड महिना त्यांचं बरं चाललं होतं. वैशाखाच्या आगीत रुई झोपूनच होती. रोशनी स्वयंपाकात गुंतली, की रामाजी पाठमोरे खड्ड्यापाशी बसायचे, गोणपाट भिजवायचे आणि काकडीची फोड सरकवायचे. स्वयंपाकघरातून रोशनीला दिसे तो रिकाम्या खड्ड्यात बघत बसलेला म्हातारा. ती नवऱ्याला म्हणे, "मामाजी खंगून राहिले जी." भूपेशला म्हाताऱ्याची पाठ नेहमीसारखीच दिसत होती, पण बायकोनं म्हटलं म्हणून तीही खंगलेली दिसू लागली.

अशातच भिवापूरहून निरोप आला. भागीरथा, रामाजींची बहीण, तिचे यजमान गेले होते. तेरवीला जाणं भाग होतं. रामाजींनी गोणपाट दुप्पट भिजवलं, काकडी ठेवली. चार दिवसांचा प्रश्न होता आणि कासवाला चार दिवस म्हणजे काहीच नाही. सोमवारी पहाटेच्या बसनं ते गेले.

गुरुवारी दुपारी परतले तेव्हा दारातच सिमेंटचा वास आला. फळ्या बाहेर भिंतीला लावून ठेवल्या होत्या. आत पांढऱ्या टाइल्स, चकचकीत. बरोबर खड्ड्याच्या जागी त्यांचीच खाट टाकली होती, त्यावर नवी चादर. रोशनी हसत पाणी घेऊन आली.

"मामाजी, आता पाय नाही अडकणार तुमचा."

"कवा बुजवला?"

"तुमी गेले त्याच दिवशी. विश्वनाथ मिस्त्री आला होता. तुमाले सरप्राइज देऊन राहिलो म्हटलं."

रामाजींनी पाणी घेतलं नाही. "सब्बल आन," म्हणाले.

"काहून जी?"

"सब्बल आन वं पोरी! रुई खाली हाये!"

भूपेशची त्या दिवशी सुट्टी होती. त्यानं खाट उचलून बाहेर फेकली आणि लोखंडी सब्बलीनं घाव घालायला सुरुवात केली. टाइल्स फुटल्या. खालचं काँक्रीट ओलसर होतं, तरी चिवट. त्याखाली विटांचे तुकडे, मुरूम, कोणाच्या तरी पडक्या भिंतीचा मलबा. रामाजी उकिडवे बसून हातांनी माती ओढत होते. कासव महिना महिना अन्नाशिवाय राहतं, कोनाड्यात हवा असते, गोणपाट ओलं होतं. ते हे एकसारखं पुटपुटत होते आणि त्यांना ते खरंच वाटत होतं.

दोन तासांनी कोनाडा लागला. गोणपाट बाजूला सरकलेलं होतं. काकडी अर्धी खाल्लेली. आत रुई नव्हती.

"निघून गेली!" रामाजी ओरडले. त्यांचा चेहरा असा उजळला, की भूपेशनं सब्बल खाली ठेवली. "हुशार हाये ती. माणसं आली तशी बाहेर पडली असन. पाहा, अंगणात पाहा!"

रोशनीनं अंगण पाहिलं, मोरी पाहिली, शेजाऱ्यांच्या पायऱ्यांखाली पाहिलं. तेवढ्यात कोणीतरी विश्वनाथ मिस्त्रीला बोलावून आणलं. तो बिचारा दारातच कानाला हात लावून उभा राहिला. "कोनी दिसलं नाही जी. खाली अंधार होता. थोडा थोडा मलबा टाकला अन् धुम्मसनं ठोकला. दुपारभर ठोकूनच राहिलो, नाही तं जमीन बसते."

रामाजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग सब्बल स्वतः घेतली आणि कोनाड्यापासून दूर, समोरच्या काठाखाली, जिथं पूर्वी त्यांच्या पावड्या होत्या तिथं खणू लागले. भूपेशला कळेना. रामाजींना कळलं होतं. जमिनीत धप् धप् होत राहिली आणि ती झोपेतून उठली. म्हातारा आला, कामावर बसला, असं समजून ती पावड्यांच्या जागेकडे निघाली आणि मिस्त्रीच्या घावाखाली गेली.

तिथंच सापडली. कवच मधोमध चेपलेलं होतं, मान पुढे काढलेली.

रामाजींनी तिला मांडीवर घेतलं आणि सगळ्यांसमोर हंबरडा फोडला. बायको गेली तेव्हाही गल्लीनं त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. मिस्त्री रडला, भूपेश रडला. मग भूपेश म्हणाला, "बाबा, आमाले काहून नाही सांगितलं?"

"तिची नोकरी गेली असती." रामाजींनी सुनेकडे बोट केलं. "माहीत नसलं तं गुन्हा माहा एकट्याचा."

रोशनी भिंतीला टेकून खाली बसली होती.

"मामाजी, मी गेली होती त्या केंद्रात," ती म्हणाली. "पंधरा दिवस झाले. करमत नव्हतं रुईशिवाय. काकडी घेऊन गेली. ते म्हणाले, असं कासव आमच्याकडे आलंच नाही. पूर्ण रजिस्टर पाहिलं त्यायनं."

रामाजींचा रुईच्या पाठीवरचा हात थांबला.

"मंग? सांगितलं काहून नाही वं मले?"

"मले वाटलं, तिथल्याच कोणीतरी विकून टाकली. तुमी खचून गेले असते. म्हणून गप राहिली. तुमी रोज त्या खड्ड्यापाशी बसत होते, ते पाहवत नव्हतं मले. मीच म्हटलं तुमच्या पोराले, मामाजी यायच्या आत बुजवून टाका."

"अन् म्या खोटं सांगितलं असन, असं एकदाही नाही वाटलं तुले?"

"नाही मामाजी," रोशनी म्हणाली. "तुमी माह्याशी खोटं बोलसान, हे मनातच नाही आलं."