एक थांबा पुढे

दर मंगळवारी अड्याळहून भंडाऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसायची. पन्नाशीची बाई, मांडीवर ईसीजीच्या कागदांची पिशवी. छाती धडधडू लागली की समोरचा दांडा घट्ट धरायची आणि मध्येच उतरून जायची. गावातल्या शिबिरात भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या होत्या, हृदय चांगलं आहे, हा भीतीचा आजार बोलून बरा होतो. दर खेपेला एक थांबा पुढे या.

पाच महिन्यांनी ती भंडाऱ्याला पोचली. मी दवाखान्यापर्यंत सोबत गेलो. मॅडमच्या खोलीला कुलूप होतं. त्यांचं कंत्राट संपलं होतं.

"मी आली ना भाऊ इथवर," ती म्हणाली. "आता कोनाले सांगू?"

परतीच्या बसमधून ती पहिल्याच थांब्यावर उतरली. तिचं गाव अजून खूप लांब होतं. मी जागेवरून उठलो नाही.