आठ जणांची पडकई

ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा सर्व्हरच्या डब्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "एकट्यानं किती वढायचं यानं?" असा आमच्या दूध डेअरीतला कॉम्प्युटरवाला. खुर्ची होती त्याला, पण बसला असेल तर शपथ! चहा उभ्यानं, डबाही उभ्यानं. शेजारी दूध तपासताना त्याच्या येरझाऱ्यांनी माझंच डोकं गरगरायचं.

त्याचंही खरं होतं म्हणा. सकाळी सगळ्या गावांची मापं एकदम यायची आणि जुना सर्व्हर एका कोअरचा, म्हणजे एका वेळी एकच काम करणारा. पिंपळवंडीचं दूध नोंदवेपर्यंत बाकीची गावं खोळंबायची. पावतीशिवाय कॅन गाडीत चढत नसत. उन्हात दूध नासायचं आणि शिव्या याला.

चेअरमनसाहेब म्हणायचे, "चालतोय ना एक? मग नवा कशाला?"

"साहेब, आमच्या भीमाशंकरच्या डोंगरात भातखाचराचा बांध कुणी एकटा घालतो का? पडकईला सगळी वस्ती येती. आज माज्या रानात, उद्या तुमच्या. नव्या सर्व्हरमधी आठ कोअर हायेत. डबा एकच, पण आठ जण राबत्यात."

साहेबांना पटलं. सर्व्हर आला, आणि पहिल्याच सकाळी पुन्हा सगळं ठप्प! मला तर रडूच यायचं बाकी होतं. त्यानं स्क्रीनवर प्रत्येक कोअरच्या कामाची रेघ दाखवली. एक रेघ वर टेकलेली, सात तळाला.

"ताई, प्रोग्रॅम जुनाच हाय. एकालाच कामाला लावलंय, सात जण बांधावर बसल्यात."

मग प्रोग्रॅमवाल्यांच्या मागं हात धुऊन लागला. प्रत्येक गावाचं काम वेगळं करून घेतलं तेव्हा कुठं गप्प झाला. आता काय सांगू तुम्हाला! सगळी गावं एकदम नोंदवली जायची, मागं बिलं निघत असली तरी पावती अडायची नाही.

पण याचा पाय काही ठरेना. एकदा येरझाऱ्या घालतानाच वडिलांचा फोन आला, स्पीकरवर.

"बांध फुटलाय. मी एकटाच दगड वढतोय."

"अन् पडकई?"

"कोण येणार? दर उन्हाळ्यात तू सर्व्हर सोडून येत न्हाईस. आपल्या घरचं माणूस कुणाच्या रानात गेलंच न्हाई, मग आपल्या रानात कोण येईल?"

तो खुर्चीत बसला. पहिल्यांदाच. मला इतकं वाईट वाटलं की तपासायची बाटली हातातच राहिली.

"ताई, आता आदी सगळ्यांच्या रानात जायाला पायजे," म्हणाला आणि सर्व्हरची चावी माझ्यापुढं ठेवून गेला. परत नोकरीवर आला नाही.

सकाळी आठही रेघा एकदम वर जातात. मी उगाच डब्यावर हात ठेवते. फार तापलेला नसतो.

पुढच्या उन्हाळ्यात न राहवून फोन लावला. पलीकडं कुदळींचा आवाज, बायकांचं हसणं, कुणीतरी "दगड सरकवा" ओरडत होतं.

"ताई, मागून बोलू का? आज आमच्या रानात हायेत सगळी!"